सासरे राष्ट्रपिता झाले तो दिवस

गेल्या वर्षी सव्वीस जानेवारीला दोन दिवस उरले असताना आमच्या चित्ररथातले राष्ट्रपिता काविळीनं अंथरुणाला खिळले. म्हणजे त्यांची भूमिका करणारे आमच्या शाळांच्या केंद्रातले एक गुरुजी. धाराशिवच्या संचलनात आमच्या भागातल्या शाळांचा एक चित्ररथ जाणार होता आणि त्याची जबाबदारी तिघा शिक्षकांवर होती, त्यातली मी एक. विषय असा ठरला होता की, देश घडवणारा माणूस आज परत आला तर त्याला काय दिसेल. टेम्पोच्या एका अंगाला जुनं खेडं, दुसऱ्या अंगाला पुठ्ठ्याचा उपग्रह, संगणक, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुली. मधोमध काठी टेकून राष्ट्रपिता उभे राहणार आणि आळीपाळीनं दोन्हीकडं बघणार. बोलायचं काही नव्हतं. पण काटकुळा, टक्कल पडलेला आणि सत्तरीच्या पुढचा माणूस दोन दिवसांत आणायचा कुठून, हा प्रश्न होता.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरीच आहेत की."

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. वय सत्त्याहत्तर. त्यांचे वडील मेंढरं राखायचे आणि मामाही विशीपर्यंत त्यांच्यामागं रानोमाळ हिंडले. नंतर गावात नळाची योजना आली आणि त्यांना पाणी सोडायचं काम मिळालं. पहाटे उठायचं, टाकीवर जायचं, या आळीचा वॉल्व्ह उघडायचा, त्या आळीचा बंद करायचा. तीसेक वर्षं त्यांनी हेच केलं. बोलणं मोजकं. मुरूमच्या पुढं आमचं छोटंसं गाव आहे, तिथं अजूनही काही म्हातारी माणसं त्यांना पाणीवाले अण्णा म्हणतात.

त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ नाही म्हटलं. "दुसरा कुणी बघा. त्या कपड्यात मला उभं ऱ्हाता यायचं न्हाय."

मला वाटलं, उघड्या अंगानं चारचौघांत उभं राहायची लाज वाटत असेल. मामा घरातसुद्धा टोपी काढत नाहीत. मी विषय सोडला आणि फोनवर इकडंतिकडं विचारत बसले. तासाभरानं ते स्वतःच दारात आले. माझं काम अडतंय एवढ्यासाठी येतो म्हणाले, पण फोटो काढून गावभर दाखवायचे नाहीत, ही अट घातली.

सव्वीस तारखेला धाराशिवला गोल चष्मा, पंचा, खांद्यावरून सुती चादर आणि हातात काठी अशा वेषात ते टेम्पोवर चढले, तेव्हा आम्ही तिघंही बघतच राहिलो. इतके ते हुबेहूब दिसत होते. त्यांचं लक्ष मात्र डोक्यावर होतं. टोपी काढलेली, त्यामुळं हात सारखा टकलाकडं जायचा. टेम्पो निघाला. दुतर्फा माणसं टाळ्या वाजवत होती, कुणी हात जोडत होतं, लहान पोरं सलाम ठोकत होती. मी बाजूनं चालत होते. ठरल्याप्रमाणं त्यांनी एकदा इकडं, एकदा तिकडं बघायला हवं होतं. त्यांनी उपग्रहाकडं एकदाही पाहिलं नाही. ते रस्त्याकडेच्या माणसांकडंच बघत राहिले, आणि कुणी हात जोडले की मान खाली घालत होते.

कार्यक्रम संपला. आम्ही सगळ्यांनी चहा घेतला, मुलांना त्यांच्या पालकांच्या हवाली केलं आणि मामांचे कपडे घ्यायला गेलो, तर टेम्पो जागेवर नव्हता. ड्रायव्हरला दुसरं भाडं होतं. पुठ्ठ्याचं सामान उतरवून तो निघून गेला होता आणि पुढच्या सीटखाली ठेवलेली मामांची पिशवी त्याच्याबरोबर गेली होती. पिशवीत सदरा, धोतर, टोपी, पाकीट आणि मोबाईल असं सगळंच होतं. फोन लावला तर तो येडशीच्याही पुढं गेलेला. बिचारा चार वेळा माफी मागत म्हणाला, उद्या पिशवी पोचती करतो.

मी म्हटलं, चला, दुकानातून एक सदरा घेऊ. मामांनी समोरच्या दुकानाच्या काचेत एकदा स्वतःला पाहिलं. "अंगावर हायत की कपडे. त्यांनी आख्खा देश ह्याच कपड्यात पालथा घातला. मला मुरूमपतोर जायाचंय." मुरूमची गाडी लागलेली होती. आम्ही तसेच जाऊन बसलो.

गाडीत चढताच दोन-तीन जण उठून उभे राहिले. कुणी हसलं, कुणी मोबाईल काढला. मामा खिडकीशी बसले, मी शेजारी. बाकीच्यांना काय वाटत असेल या विचारानं माझेच कान गरम झाले होते. तेवढ्यात कंडक्टर आल्या. खाकी गणवेशातली तिशीच्या आतबाहेरची बाई, वेणी घट्ट बांधलेली, हातात तिकिटाचं मशीन. माझं अर्धं तिकीट काढून त्या मामांकडं वळल्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत असतो, पण आधार कार्ड दाखवावं लागतं. कार्ड पाकिटात आणि पाकीट येडशीच्या पुढं.

मागून कुणीतरी म्हणालं, "आवो ताई, नोटेवर फोटो हाय त्यांचा. आनखी कसलं ओळखपत्र मागता?" गाडी हसली. कंडक्टरबाईंनाही हसू आलं, पण त्या अडखळल्या. रस्त्यात तपासणी झाली तर त्यांच्यावर आलं असतं. मागच्या बाकांवरून एकेक जण त्यांना आग्रह करू लागला, राहू द्या, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास. बाईंचा चेहरा पडला.

मामांनी काठी मांडीवर घेतली आणि शांतपणे म्हणाले, "बाई, नियम बराबर हाय तुमचा. कार्ड न्हाय, तर पुरं तिकीट फाडा."

मी पूर्ण तिकीट काढलं. कंडक्टरबाईंनी तिकीट मामांच्या हातात दिलं आणि क्षणभर हात जोडले. तो नमस्कार वेषाला नव्हता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. त्या पुढं जाईपर्यंत मामा त्यांच्याकडं बघत होते. मग मला हळूच म्हणाले, ह्यांना रातच्या मुक्कामाच्या गाडीवर पण जावं लागत असंल का? मी म्हटलं, लागत असेल.

तुळजापूरला गाडी भरली. देवीचं दर्शन घेऊन आलेली, कपाळभर कुंकू ल्यालेली माणसं चढली. त्यात एक म्हातारी होती, हातात परडी आणि खांद्यावर जाड शाल. ती आमच्या समोरच्या बाकावर बसली, मामांकडं दोन मिनिटं टक लावून पाहिलं आणि मग मला म्हणाली, "ह्या थंडीचं म्हातारं माणूस असं उघडं घिऊन हिंडतीस व्हय गं? लेक हायस का सून?"

मी सून म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. मी सगळं समजावून सांगितलं, चित्ररथ, वेष, पिशवी. तिनं ऐकून घेतलं. कुणाचा वेष, हे तिला कळलं की नाही कोण जाणे, तिनं विचारलंही नाही. अंगावरची शाल काढून तिनं मामांच्या खांद्यावर टाकली आणि नळदुर्गला उतरताना परत दे म्हणाली. मामांनी नको म्हटलं नाही. शाल दोन्ही हातांनी धरून ते बसून राहिले. सकाळपासून त्यांना इतके नमस्कार मिळाले होते, पण गार लागतंय का हे एकट्या तिनंच पाहिलं होतं. मीही पाहिलं नव्हतं.

आमच्या मागं एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, कुठल्यातरी कार्यालयातून निवृत्त झालेले असावेत. तुळजापूर सोडल्यावर त्यांना राहवलं नाही. ते पुढं वाकून बोलू लागले. त्यांचं म्हणणं असं की, मामांना हा वेष घालायला लावून आम्ही त्या थोर माणसाची थट्टा केली. तो आज परत आला असता तर रडला असता. पैसा टाकल्याशिवाय काम होत नाही, पोरं दिवसभर मोबाईलमध्ये तोंड खुपसून, जातीजातीत वैर, पुढाऱ्यांची भाषा ऐकवत नाही. ते खोटं काही बोलत नव्हते. आवाजात रागापेक्षा दुःख जास्त होतं. शेवटी त्यांनी मामांच्या खांद्याला हात लावला आणि विचारलं, "तुम्हीच सांगा आता. दिवसभर त्यांच्या जागी उभे होतात. ते आले तर काय म्हणतील?"

आजूबाजूची चार माणसं ऐकू लागली. मला वाटलं, मामा हसून टाळतील. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर ज्वारी हुरड्याला आलेली होती.

"मला एवढी अक्कल न्हाय," ते म्हणाले. "म्या पाणी सोडायचं काम केलं. टाकीजवळची माणसं म्हनायची, पाणी गढूळ हाय. मधली म्हनायची, जोर न्हाय. दोघांचंबी खरं असायचं. पण शेवटच्या नळाला पाणी गेलं का, ते टाकीवरनं दिसत न्हाय. तिथं चालत जावं लागतं. ते आले तर रडायला बसायचे न्हाईत. आदी तिथं जातील."

"आणि तिथं त्यांना काय दिसेल?" गृहस्थांनी विचारलं.

"कुठं पाणी आलेलं दिसंल, कुठं न्हाय. आन जितं न्हाय, तितं इचारतील, वॉल्व्ह कुणाच्या हातात होता."

गृहस्थ मागं टेकले. थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं की, त्यांच्या हातात चौतीस वर्षं फायली होत्या. त्यापुढचं मामांनी विचारलं नाही. नळदुर्गला म्हातारी उतरली. मामांनी शालीची घडी करून तिच्या हातात दिली आणि तिच्या पाया पडले. ती त्यांच्यापेक्षा लहानच असावी. "औक्षवंत व्हा" म्हणून ती गेली.

मुरूमला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माझी स्कूटी तिथं ओळखीच्या दुकानापुढं लावलेली होती. चहा घेऊन निघू म्हटलं. हॉटेलातली माणसं बघत होती, पण आता मामांना त्याचं काही वाटत नव्हतं. बशीत चहा ओतून त्यांनी फुंकर घातली. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांनी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनासुद्धा नाही, असं ते म्हणाले.

तीस वर्षांपूर्वीचा उन्हाळा. टाकीत पाणी कमी येत होतं. मामा तेव्हा रोजंदारीवर होते आणि कायम व्हायची आशा होती. गावातल्या एका वजनदार माणसाच्या घरी लग्न होतं, नवं बांधकामही चाललं होतं. त्या माणसानं त्यांना बोलावून सांगितलं, आमच्या आळीला वेळ वाढव, खालच्या वस्तीचा कमी कर, तुझ्या कामाचं मी बघतो. खालची वस्ती म्हणजे गावाचं शेवटचं टोक. तिथं नळ सगळ्यांत उशिरा पोचला होता आणि टाकीपासून लांब असल्यानं पाणी आधीच कमी जायचं. मामांनी तिथला वॉल्व्ह अर्ध्या वेळातच बंद करायला सुरुवात केली. लोक विचारायला आले तर मोटार बिघडलीय म्हणून सांगायचे. लग्न होऊन गेलं, तरी हे दोन महिने चाललं. पुढच्या वर्षी ते कायम झाले.

"त्यामुळं म्या न्हाय म्हनत होतो," ते म्हणाले. "सकाळी मान्सं हात जोडत होती ना, मला त्यातली खालच्या वस्तीची मान्सं दिसत होती. गाडीतल्या त्या सायबाला म्या सांगितलं, वॉल्व्ह कुणाच्या हातात होता ते इचारतील. माझ्याच हातात होता की."

एवढी वर्षं झाली, तुमचाही नाइलाज होता, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी बशी खाली ठेवली. नाइलाज अर्ध्या महिन्याचा होता, बाकीचा सगळा लोभ होता, असं ते म्हणाले. मग गार वाऱ्यात माझ्या स्कूटीवर मागं बसून, चादर कानाभोवती गुंडाळून, ते घरी आले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं. पिशवी परत आली होती. धुतलेलं धोतर, सदरा, टोपी असा नेहमीचा वेष. खालच्या वस्तीत आता सगळी घरं पक्की आहेत, सिमेंटचा रस्ता झालाय, कोपऱ्यावर वाचनालयाची खोली आहे. मामा रस्त्याच्या टोकाला एका घरापुढं थांबले. त्या उन्हाळ्यात या घरची बाई रोज टाकीवर येऊन विचारायची, आज तरी मोटार दुरुस्त झाली का म्हणून. आता ती सत्तरीला आलेली होती. तिनं मामांना ओळखलं, बाज टाकली, चहा ठेवायला सांगितलं. तिची थोरली लेकही घरी होती. ती जवळच्या गावात अंगणवाडी चालवते, चाळिशी ओलांडलेली, डोळ्यांवर चष्मा.

मामा बाजेवर बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. काही सोडलं नाही, काही सजवलं नाही. "मोटार बिघडली नव्हती," हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

म्हातारी ऐकत राहिली. मग लेकीकडं बघून म्हणाली, "हिची दहावी होती त्या साली."

परीक्षा संपल्यावरची गोष्ट असेल अशी मला आशा वाटत होती. तसं नव्हतं. वस्तीचं पाणी फाल्गुनातच, परीक्षेच्या आधी, कमी झालं होतं. लेक रोज पहाटे दोन घागरी घेऊन मळ्यातल्या विहिरीवर जायची, तिथं नंबर लागायचा, शाळेला उशीर व्हायचा. गणिताच्या पेपरलाही ती उशिरा पोचली आणि नापास झाली. मग लग्न झालं. दहावी तिनं पुढं, पहिलं मूल झाल्यावर, बाहेरून दिली.

लेक मामांकडं बघत होती. तिचा आवाज चढला नाही. "अण्णा, मला इतकी वर्षं वाटायचं, मीच उशिरा उठत होते. आई रोज हाक मारायची आन् मी लोळत पडायची, म्हणून माझं साल गेलं. मी माझ्या पोरींना पण तसंच सांगते, लवकर उठा, न्हायतर माझ्यासारखं होईल."

मामा तिच्याकडं वळले. ते म्हणाले, "तुझा उशीर नव्हता, पोरी. माझा होता."

कुणीच कुणाला माफ केलं म्हणालं नाही. चहा आला. लेकीनं स्वतः उठून मामांचा हात धरला आणि त्यांना बाजेवर बसवलं, तेही वय बघून. सगळ्यांचा चहा झाला. मग म्हातारीनंच विषय काढला. वस्तीच्या शेवटच्या पाच घरांना गेले तीन महिने नीट पाणी येत नव्हतं. सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा जुना वॉल्व्ह त्याखाली गाडला गेला, तो आतून गळत असावा, पण नेमका कुठं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. पाणी सोडणारा नवा माणूस परगावचा. पूर्ण रस्ता उकरायला ग्रामपंचायत तयार होईना.

मामा लगेच उठले. लिंबाच्या झाडापासून त्यांनी पावलं टाकायला सुरुवात केली. मग थांबले, झाड तेच का म्हणून विचारलं. तेच होतं. पुन्हा मागं जाऊन पहिल्यापासून पावलं मोजली, एका जागी उभे राहिले आणि टाचेनं सिमेंटवर ठोकलं. लेकीनं घरातून खडू आणला. त्यांनी गुडघ्यावर बसून एक चौकोन आखला. आजूबाजूच्या घरांतली माणसं जमली. प्रत्येकाचं मत वेगळं होतं. कुणी म्हणालं दोन हात अलीकडं, कुणी म्हणालं, म्हाताऱ्या माणसाची आठवण, कशी खरी धरायची.

चौथ्या दिवशी ग्रामपंचायतीनं तिथं खोदलं. वॉल्व्ह चौकोनात नव्हता, वीतभर बाजूला होता. मामा सकाळपासून तिथं जाऊन बसले होते. अंगणवाडीला जाता जाता ती लेक थांबली आणि खड्ड्यात डोकावून बघितलं. गंजलेल्या चाकावरची माती तिनं स्वतःच्या पदरानं पुसली. मग मामांना म्हणाली, मी दुपारी येते, तोवर जेवल्याशिवाय जाऊ नका, आईनं भाकरी टाकलीय.